शाकारणी

मराठीत एक क्रियापद आहे. शहरात वाढलेल्या मुलांच्या कानांवर ते आता क्वचितच पडते. ते म्हणजे 'शाकारणे'. घराचे छप्पर गवताने, पेंढ्याने किंवा झावळ्यांनी नव्याने आच्छादणे, कुजलेले काढून टाकणे, सैल झालेले आवळून बांधणे, आणि घर कौलारू असेल तर कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवणे, एवढा सगळा अर्थ या एका शब्दात सामावलेला आहे. कोशात तो एका ओळीत मिळतो. त्यामागचे वैशाखातले ऊन, आढ्यावर चढून बसलेली माणसे, खालून गवताच्या पेंढ्या वर फेकणाऱ्या बायका आणि मृग लागण्यापूर्वी काम उरकले पाहिजे ही धास्ती मात्र कोशात मिळत नाही.

शाकारणी हे सणासारखे दरसाल येणारे काम होते. गवती छपराचे घर ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. ते दरवर्षी थोडेथोडे पुन्हा बांधावे लागते. शेतावरचे जुने छप्पर विकत घेऊन, त्याची डागडुजी करून टुमदार घर करू पाहणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे वाढते आहे. हौस चांगली आहे. पण नेमकी हीच एक गोष्ट त्यांच्या हिशोबातून निसटते, म्हणून आज या सदरात छपराविषयी थोडे सविस्तर लिहावयाचे आहे.

आमचे बिऱ्हाड अमौसीला आहे. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे आणि त्याच मार्गावरील रेल्वेचे हे ठिकाण. विमानतळामुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक झाले. २००८ साली विमानतळाला चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले, २०१९ साली मेट्रो तेथपर्यंत पोचली; तरीही लखनौचे जुने लोक 'अमौसीला विमान पकडायचे आहे' असेच म्हणतात. मोठा रस्ता सोडून आतल्या खेड्यांकडे वळले, की विटांच्या नव्या घरांच्या मागे, गुरांसाठी म्हणून का होईना, एखादे गवती छप्पर अजून दृष्टीस पडते. मलिहाबादच्या बाजूला आंब्याच्या बागांत राखणदाराची छपरी असते, तिला येथे 'मडई' म्हणतात.

मराठी माणसाला या छपराखाली फारसे परके वाटण्याचे कारण नाही. आपण ज्याला आढे म्हणतो त्याला येथे 'बंडेर' म्हणतात. आपली मेढ ती येथली 'थूनी'. आपली वळचण ती 'ओलती'. आणि आपली ओसरी येथे 'ओसारा' होऊन बसली आहे. शाकारणे याला शब्द आहे 'छाना'. छप्पर छावले जाते.

ज्या गवताने ते छावतात त्याची ओळख तर अधिकच जवळची आहे. तळ्यांच्या काठी, बांधांवर, नदीच्या पडीक रेताड जमिनीत 'सरपत' नावाचे पुरुषभर उंचीचे गवत माजते. पावसाळा सरता सरता त्याला पांढरे तुरे येतात. त्याची पाती इतकी धारदार, की नवख्याने हात घातला तर बोटे चिरतील. त्या पात्यांचे छप्पर होते, काड्यांचे मोढे विणतात, आणि काडीवरची साल ठेचून, वळून जो दोर करतात त्याला 'मूंज' म्हणतात. आपल्याकडे व्रतबंधात बटूच्या कमरेला ज्या गवताची मेखला बांधावी असे शास्त्र सांगते, ज्यामुळे त्या संस्काराचे नावच 'मुंज' पडले, ते गवत हेच. पुण्यामुंबईच्या कार्यालयात त्याच्या जागी सुती दोरा वापरून वेळ साजरी होते. येथे त्याच मुंजेने छपराचे बांबू आवळलेले असतात.

येथील छप्पर चढवण्याची रीत मात्र आपल्याहून निराळी आहे आणि ती पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे बहुधा वासे, रिपा आधी उभ्या करतात आणि मग माणसे वर चढून गवत पसरतात. अवधात छप्पर जमिनीवरच तयार होते. बांबूंची जाळी करायची, तिच्यावर गवत एकसारखे अंथरायचे, वरून दुसऱ्या कामट्या दाबून बसवायच्या आणि मुंजेच्या दोराने टाचून काढायचे. झाले म्हणजे ती एक भली मोठी, जड, सपाट वस्तू अंगणात पडून असते. ती भिंतींवर जायची कशी? त्यासाठी गावाला हाक घालावी लागते. दहा-वीस-तीस माणसे चारी बाजूंनी वाकतात, एकजण आरोळी देतो, आणि छप्पर सगळ्यांच्या खांद्यांवरून, मग डोक्यांवरून, मग उंचावलेल्या हातांवरून भिंतीवर जाऊन बसते. मजुरी नाही. गुळाचा खडा आणि पाणी. आज मी तुझ्या छपराला खांदा दिला, उद्या तू माझ्या. ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही त्याच्याही अंगणात त्या दिवशी जावे लागते, कारण आपलेही छप्पर कधीतरी उतरणार आणि चढणार असते. 'देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो' ही म्हण आपणही उत्तरेकडून घेतली. छप्पर फाडणे देवाकडे; चढवायला मात्र शेजारीच लागतात.

आता एक गंमत पाहावी. ज्या घराला आपण आज सुबत्तेची खूण मानतो, ज्याच्या फाटकावर संगमरवरात नाव कोरतो, त्या 'बंगल्या'चा जन्म अशाच गवती छपराखाली झाला. बंगला म्हणजे बंगालचा, बंगाली शेतकऱ्याच्या झोपडीच्या घाटाचा. बंगालात पाऊस उदंड आणि बांबू उदंड. बांबू वाकतो, म्हणून तेथील झोपडीचे आढे सरळ नसते. मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली उतरणारे, पाठ फुगवलेल्या मांजरासारखे असते. पाणी झरझर खाली जाते आणि वळचणही कमानदार होते. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बंगालच्या या बांबूच्या घरांची दखल घेतली आहे. त्यांतील काहींना पाच हजार रुपये वा त्याहून अधिक खर्च येतो आणि ती पुष्कळ वर्षे टिकतात, असे त्याने नोंदवले आहे. अकबराच्या काळचे पाच हजार रुपये! तेव्हा झोपडी म्हटली की दारिद्र्य, हे समीकरण तेवढे जुने नाही.

पुढे हा घाट राजांच्या डोळ्यांत भरला. बिष्णुपूरच्या मल्ल राजांनी विटांची देवळे बांधली ती झोपडीच्या आकाराची. १६५५ सालचे तेथील जोड-बंगला देऊळ म्हणजे दोन झोपड्या एकमेकींना टेकवून ठेवल्यासारखे आहे. शहाजहानने लाहोरच्या किल्ल्यात आणि आग्र्याच्या किल्ल्यात त्या वाकलेल्या वळचणीला संगमरवरात उतरवले. बांबू पावसासाठी वाकला होता. दगड केवळ शोभेसाठी वाकला.

अवधाच्या इतिहासात तर एका गवती बंगल्याने चक्क शहराला नाव दिले. १७२२ साली सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क अवधचा सुभेदार म्हणून आला. अयोध्येच्या पश्चिमेला, शरयूच्या काठी त्याने तळ दिला. लखनौचे इतिहासकार अब्दुल हलीम शरर यांनी या मुक्कामाची हकीकत दिली आहे: आधी तंबू होते, पावसाने त्यांचा निभाव लागेना, तेव्हा सुभेदाराने राहण्यासाठी छपराचा बंगला उभारला आणि त्याच्याभोवती मातीची तटबंदी घातली. सैन्य आले, बाजार आला, वस्ती वाढली. आणि त्या सगळ्या वस्तीलाच लोक 'बंगला' म्हणू लागले. सफदरजंगाच्या काळात तिचे नाव फैजाबाद झाले. शुजाउद्दौल्याने तेथे महाल, बागा उठवल्या. १७७५ साली आसफउद्दौल्याने राजधानी लखनौला हलवली आणि फैजाबाद मागे पडले. २०१८ साली जिल्ह्याचे नाव अयोध्या झाले, तेव्हा फैजाबाद हे नावही सरकारी कागदांतून गेले. बंगला हे नाव तर त्याच्याही आधी विसरले गेले होते. ज्याने कोट्यवधींचा महसूल गोळा केला तो सुभेदार शेतकऱ्याच्या पद्धतीच्या छपराखाली राहिला, ही गोष्ट लखनौची भव्यता दाखवीत फिरणारे वाटाडे सहसा सांगत नाहीत.

मग इंग्रज आले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना या देशात राहण्याजोगे जे घर सुचले ते हेच. त्यांनी झोपडी उचलली, तिच्या मधल्या खोलीला उंच केले, चारी बाजूंनी पडवी घेतली आणि वरती गवताचे जाड छप्पर ठेवले. जाड गवतात हवा कोंडून राहते, म्हणून वरचे ऊन खाली उतरत नाही. उन्हाळ्यात ते दगडी वाड्याहून सुखाचे. पण एक फरक मुकाट्याने पडला होता. या बंगल्यांचे छप्पर शेजारी चढवीत नव्हते. मजूर चढवीत होते. छपराशी घरधन्याचा संबंध मजुरीपुरताच उरला.

आणि १८५७ साली त्याच छपरांना आग लागली. ३० मे रोजी लखनौच्या मडियाँव छावणीत उठाव झाला तो बंगले पेटवूनच. कानपूरला जूनमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याने जनरल व्हीलरच्या तटबंदीला वेढा घातला. आतल्या दोन बराकींपैकी एकीचे छप्पर गवताचे होते, तिच्यात आजारी, जखमी माणसे आणि औषधे ठेवली होती. ते छप्पर पेटले आणि औषधेही गेली. युद्ध नसले तरी गवताला आगीचे भय असतेच. चैत्र-वैशाखात लू सुटली आणि एखाद्या चुलीतली ठिणगी उडाली, की या भागात ओळीने घरे जळतात, हे येथील कुणालाही विचारावे. त्यानंतरच्या काळात बंगल्यांवर कौले आली, मग विटांच्या सपाट गच्च्या आल्या, मग सिमेंट आले. गवत गेले, पडवी आक्रसली, बांबू केव्हाच गेला होता. शेतकऱ्याच्या झोपडीचे एवढे रूपांतर झाले, की तिच्यातली एकही वस्तू उरली नाही. उरले ते नाव.

कोकणात गवत जाण्याची तारीख बरीचशी सांगता येते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर कौले करण्याचा कारखाना काढला. तेथले लाल, चपटे, एकमेकांत अडकणारे कौल गलबतांतून किनाऱ्याने वर सरकत आले. 'मंगलोरी कौल' हा शब्द घरोघरी झाला. ज्याच्या घरावर कौले तो खातापिता. गवत राहिले ते गोठ्यावर आणि मांगरावर.

मांगर हा शब्द देशावरच्या वाचकांना कदाचित नवा असेल. सिंधुदुर्गात आणि गोव्यात शेतात किंवा काजू-माडांच्या बागेत, राहत्या घरापासून दूर, एक साधी वास्तू असते. तिच्यात गुरे बांधतात, नांगर-जोते ठेवतात, काजू-नारळ साठवतात, सुगीच्या दिवसांत माणसे वस्तीलाही राहतात. तो मांगर. भिंती मातीच्या किंवा चिऱ्याच्या, जमीन शेणाने सारवलेली, छप्पर भाताच्या पेंढ्याचे, डोंगरातल्या गवताचे किंवा माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचे. सह्याद्रीच्या कुशीत भिंतींऐवजी कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून माती-शेणाचा लेप. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. तिच्या काठ्या कापण्याचेही असे एक गणित असते. देशावर ऊसकऱ्याकडे पाचटाचे छप्पर, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाची ती कोपी. एकाच गरजेला प्रत्येक मुलखाने आपल्या पायांजवळचे उत्तर शोधले आहे. पायांजवळचे, म्हणूनच स्वस्त. आणि स्वस्त, म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी बदलण्यास परवडणारे.

आता हेच मांगर आणि गोठे दुरुस्त करून त्यांची घरे केली जात आहेत. कुणी निवृत्तीनंतर राहण्यासाठी करतो, कुणी पाहुणे उतरवण्यासाठी. कित्येक ठिकाणी काम फार चांगले झाले आहे. कित्येक ठिकाणी मात्र दोन पावसाळ्यांत छप्पर बसते. याची कारणे गूढ नाहीत, आणि ज्यांच्या मनात असा बेत आहे त्यांनी ती आधीच समजून घ्यावीत.

पहिली गोष्ट उताराची. गवताचे छप्पर पाणी अडवीत नाही, ते पाणी घसरवते. प्रत्येक काडी पाण्याचा थेंब खालच्या काडीवर सोपवते आणि असे करीत थेंब वळचणीपर्यंत जाऊन पागोळी होतो. छप्पर नीट उभे असेल तर भर पावसातही वरचा थोडा थरच भिजतो, आतले गवत कोरडे राहते. उतार पंचेचाळीस अंशांहून कमी झाला, की थेंब घसरण्याऐवजी आत शिरतो. खोली मोठी हवी म्हणून भिंती लांब सरकवतात आणि आढे होते तेथेच ठेवतात, तेव्हा उतार मरतो. मोठी खोली हवी तर आढेही उंचावले पाहिजे. हे गावातल्या कुणाही अनुभवी माणसाला विचारले तर तो सांगेल. नकाशा काढणाऱ्याला बहुधा ते विचारण्याचे सुचत नाही.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. गवताखाली किंवा गवतावर निळा कागद पसरला की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आहे. एखादा हंगाम काढण्यास तो उपयोगी पडतो हे खरे. परंतु गवताला वारा लागतो. कागदाने वारा अडला, की ओल आतच राहते आणि गवत बाहेरून शाबूत दिसत असताना आतून कुजते.

तिसरी गोष्ट सर्वांत मनोरंजक आहे, ती धुराची. जुन्या घरांत चुलीचा धूर छपरातून वाट काढीत बाहेर जाई. आढे काळे कुळकुळीत होई, सुना-मुलींच्या डोळ्यांना पाणी येई, छातीचे विकार होत. त्या धुराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातून तो गेला हे फार चांगले झाले. मात्र जाता जाता तो एक काम करीत होता. तो गवत कोरडे ठेवी आणि किडीला, वाळवीला वर बिऱ्हाड करू देत नसे. गॅसची शेगडी आली, धूर गेला, आणि त्याच छपराचे आयुष्य कमी झाले. जपानात जुनी गवती घरे जेथे संग्रहालय म्हणून जतन केली आहेत तेथेही मधल्या चुलीत मुद्दाम लाकडे पेटवतात, ती छपराला धुरी मिळावी म्हणून. राहते घर करणाऱ्याने निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत, घर रिकामे असताना, जाणत्या माणसाला समोर बसवून धुरी द्यावी. ती रात्रभर पेटती सोडून निजायला जाऊ नये, हे सांगावयास नकोच.

आगीचे म्हणाल तर विजेच्या तारा उघड्या गवतातून कधीही नेऊ नयेत, त्या नळीत घालून भिंतीतून न्याव्यात. स्वयंपाकघर शक्य तर वेगळ्या कौलारू पडवीत असावे. पाण्याची टाकी आणि शिडी जवळ असावी. आणि गवतासारखे दिसणारे प्लास्टिकचे छप्पर बाजारात मिळते, ते घेऊ नये. ते शाकारावे लागत नाही हे खरे; पण मग पत्रा काय वाईट?

जपानचा उल्लेख आला तर शिराकावा-गो या डोंगरी खोऱ्याविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. तेथील शेतकऱ्यांच्या घरांची छपरे सुमारे साठ अंशांत उभी असतात, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी. त्यांच्या नावाचा अर्थही तोच आहे. खाली माणसे, वर माळ्यांवर रेशमाचे किडे. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडते, ते घसरून जावे म्हणून हा उतार. छप्पर तीसेक वर्षे टिकते. पण बदलावयाचे झाले की शंभर-दोनशे माणसे लागतात. कोणाही एका कुटुंबाला ते झेपणारे नाही. म्हणून तेथे 'युई' नावाची रीत आहे: आज तुमचे छप्पर, उद्या आमचे, कुणी किती माणसे पाठवली याची नोंद ठेवून. अमौसीच्या शेजारच्या खेड्यातला शेतकरी आणि तो जपानी शेतकरी एकमेकांची भाषा न समजताही एका बाजूने छप्पर उचलू लागले असते.

रेशमाचा धंदा बसला, धरणांखाली काही गावे गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही घरे झपाट्याने कमी होऊ लागली. तेव्हा ओगिमाची गावच्या लोकांनी १९७१ साली आपसांत ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९९५ साली हा प्रदेश जागतिक वारशात गेला. आज त्यांतील कित्येक घरांत पाहुणे उतरतात, रेशमाच्या माळ्यांवर जुनी अवजारे मांडलेली असतात, आणि दर शरद ऋतूत सगळ्या गावभर पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याची तालीम होते. शेताच्या घराचे अतिथिगृह झाले. पण शाकारणी गावाच्या हाती राहिली, म्हणून घर राहिले.

आपल्याकडील उदाहरण शोधायला जपानइतके लांब जाण्याचे कारण नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. टपाल चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाई, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम केले. त्यांच्याआधी तेथे येऊन राहिल्या होत्या त्या मीराबेन, एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. त्यांनी आपल्यासाठी जी झोपडी उभारली तीच पुढे वाढवून गांधीजींची झाली, ती बापूकुटी. माती, बांबू, गावठी कौले, गावचे कारागीर. मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडे आणि चरखा उठावात कोरला, तो अजून पाहायला मिळतो. छप्पर गवताचे नाही, कौलारू आहे. पण त्यालाही दरसाल हात लागतो आणि भिंतींना सारवण लागते. १९४६ पर्यंत देशाचे मोठमोठे निर्णय त्या चटईवर बसून झाले. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत तेथे आले, कुटीत बसले आणि त्या एवढ्याशा जागेवर त्यांनी जे भाषण दिले ते जगभर वाचले गेले. माणसाला सामान ठेवण्यासाठी घर लागते की राहण्यासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

बापूकुटीचे कौतुक करताना एक भान मात्र ठेवले पाहिजे. गांधीजींनी झोपडी निवडली होती. निवड ज्यांना नसते त्यांच्या छपराविषयी बोलताना आपला स्वर जरा खाली असावा. २००१ च्या जनगणनेत देशातील सुमारे २२ टक्के घरांवर गवत, बांबू, लाकूड, माती अशा वस्तूंची छपरे होती. २०११ मध्ये ते प्रमाण १५ टक्क्यांवर आले. ज्या बाईने तीस पावसाळे गळक्या छपराखाली भांडी मांडून काढले, उंदरांनी कुरतडलेले धान्य निवडले, एका उन्हाळ्यात डोळ्यांदेखत घर जळताना पाहिले, तिला सिमेंटचे छप्पर हवे असेल तर तिला वारसा वगैरे सांगू नये. २०१६ पासून चालू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या गरीब कुटुंबाला किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर मिळावे असे ठरले. या भागात अशी घरे पुष्कळ झाली आहेत, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचा आनंद खोटा नाही. उन्हाळ्यात त्या गच्चीखाली झोपवत नाही, म्हणून तेच कुटुंब अंगणात एक छपरी बांधते आणि दुपारी तिच्याखाली खाट टाकते, हेही खरे. पक्के घर रात्रीचे आणि पावसाचे, छपरी दुपारची: लोकांनी आपल्या अकलेने काढलेली ही तोड सरकारी आराखड्यांत अजून आलेली नाही. येती तर वाईट झाले नसते.

अडचण आहे ती हातांची. छपरी लहान, ती दोघा भावांनी मिळून चढवता येते. तिच्यासाठी गावाला हाक घालावी लागत नाही. मोठे छप्पर बांधणारी माणसे साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांची मुले कानपूरला, मुंबईला, सुरतेला किंवा येथेच कारखान्यांत कामाला जातात आणि गवत बांधण्यापेक्षा अधिक कमावतात. त्यात त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? कोकणातही चित्र निराळे नाही. तळी बुजली तशी सरपताची बेटे गेली, कुरणे गेली तसे डोंगरातले गवत महागले. शहरातून आलेला हौशी गृहस्थ मांगर घेतो, वास्तुविशारद आणतो, दारे-खिडक्या, फरशी, न्हाणीघर यांवर मनसोक्त खर्च करतो. आणि वैशाख आला की चार गावे फिरूनही शाकारणारा मिळत नाही. ज्या वस्तूमुळे ती वास्तू त्याच्या डोळ्यांत भरली, तीच पहिल्यांदा जाते.

तेव्हा ज्या वाचकांच्या मनात असे एखादे छप्पर घेण्याचा विचार असेल, त्यांनी भिंतींची ओल आणि सात-बाराचा उतारा पाहण्याआधी शेजाऱ्यांना विचारावे की शेवटची शाकारणी केव्हा झाली आणि कोणी केली. उत्तरादाखल एखादे नाव मिळाले, तर त्या माणसाला दिवाळीनंतरच जाऊन भेटावे, कारण गवत तेव्हापासून कापले, वाळवले आणि रचून ठेवले जाते. वैशाखात गेल्यास ते दुसऱ्याच्या घरावर चढलेले असेल. त्याला मजुरी पुरेपूर द्यावी, आणि काम चालू असताना घरातला एक मुलगा किंवा मुलगी त्याच्याबरोबर आढ्यावर बसवावी. नाव सांगणारा कोणीच निघाला नाही, तर संकोच न करता कौले घालावीत, आणि अंगणात एक लहानशी छपरी करून पाहावी. तेवढी घरच्या चार हातांना जमते.